भोंगा चढत नाही: कसबे सुकेण्याच्या फाटकाजवळचं एक प्रकरण

गाडी भोंगा वाजवत येते तेव्हा तिचा सूर चढत जातो आणि समोरून निघून गेली की उतरतो. अकरावीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहा आणि कोणाकोणाला पटतं ते विचारा; बहुतेक हात वर जातात. यातलं पहिलं अर्धं वाक्य चूक आहे. आणि गंमत अशी, की 'मी स्वतः ऐकलंय' असं लोक छातीठोकपणे सांगतात ते नेमकं याच अर्ध्याबद्दल.

मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. 'ध्वनी'च्या धड्यात डॉप्लर परिणाम (आवाज करणारा किंवा ऐकणारा चालत असला की सूर बदललेला ऐकू येणं) आला की सूत्र, चिन्हांचे नियम आणि परीक्षेला येणारं एक गणित, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. या खेपेला भागलं नाही, कारण वर्गात दोघांचे कान तयार होते. एक मुलगा निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचा, घर रेल्वे फाटकाला लागून. दुसरी मुलगी पंचवटीतली, लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकणारी. फळ्यावरच्या वाक्यावरून दोघांची जुंपली.

"मॅडम, जवळ येते तसा चढतोच. जन्मापासून ऐकतोय मी."

"अरे, मोठा होतो तो. चढत नाही. सूर तोच असतो."

"मग उतरतो कधी?"

"गाडी गेल्यावर."

"गेल्यावर कुठं वाजतो भोंगा?"

वर्ग हसला. पण या प्रकरणाची किल्ली त्या शेवटच्या प्रश्नात होती.

फाटकापाशी काय ऐकू येतं

रुळांच्या कडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं असतं. सीटी, फाटक. ही पाटी फाटकाच्या साधारण ६०० मीटर अलीकडे असते आणि तिथून ड्रायव्हरनं भोंगा द्यायचा असतो. फाटक आलं की त्याचं काम झालं, तो हात काढून घेतो. म्हणजे फाटकाशेजारी राहणाऱ्या माणसाला आयुष्यभर फक्त येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. मोठा, आणखी मोठा, कानठळ्या बसवणारा, आणि बंद. उतरणारा भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे अर्धाच पुरावा होता.

पूर्ण पुरावा हवा तर उभं राहायचं ते पाटी आणि फाटक यांच्या मधोमध. तिथं भोंगा वाजत वाजत आपल्याकडे येतो आणि वाजत वाजतच पुढे जातो. सुदैवानं त्या टप्प्यात मुलाच्या चुलत्यांची, तात्यांची, द्राक्षबाग आहे. बागेचा बांध रुळांपासून ४० मीटरवर. मधे रेल्वेची हद्द, तिच्यात पाऊल टाकायचं नाही, हे आधीच बजावलं होतं. परवानगीशिवाय रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी मुलांना तिकडे जाऊ दिलं नसतं.

जागा आणखी एका कारणानं सोयीची. मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या नाशिकरोडला थांबून सुटतात. ओढा, खेरवाडी मागे टाकून सुकेण्यापर्यंत येताना त्यांनी वेग धरलेला असतो आणि तो फारसा बदलत नसतो. हेच रेकॉर्डिंग नाशिकरोडच्या फलाटाच्या टोकाला केलं असतं तर वेग वाढतोय की सूर उतरतोय, याचा गुंता झाला असता.

ऑक्टोबरचे दिवस, बागेत गोडी छाटणी उरकलेली. तात्या म्हणाले, "आवाज मोजायला आलेत का पोरं? मोजा, मोजा. इथं दुसरं काय आहे मोजायला." एक फोन बांधावर, काठीला रबरानं बांधून. दुसरा फोन मुलाच्या घराच्या ओट्यावर, फाटकापाशी. थर्मामीटरवर ३० अंश. ते आकडे वहीत लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, त्याकडे पुढे येऊ.

रेषा काय सांगते

रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम काढला. आडवा अक्ष वेळेचा, उभा वारंवारतेचा (सेकंदाला जितक्या थरथरी तितके हर्ट्झ; जास्त हर्ट्झ म्हणजे चढा सूर), आणि आवाजात जी वारंवारता जोरात असेल तिथं उजळ रेषा. शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालू होता, त्याचा एक धुरकट पट्टा तळाशी सगळीकडे पसरलेला दिसत होता. भोंगा मात्र त्यातून स्वच्छ वर आलेला. विजेच्या इंजिनाच्या भोंग्यात दोन सूर असतात, एक खालचा आणि एक वरचा. आम्ही खालचा धरला.

इथं एक बारकावा आहे. प्रोग्राम आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाची वारंवारता काढतो. तुकडा २०४८ नमुन्यांचा घेतला तर (नमुना म्हणजे एका क्षणीचं आवाजाचं माप; सेकंदाला ४४,१०० नमुने धरून) वारंवारतेची पायरी २१ हर्ट्झहून मोठी येते. रेषा जाड, रीडिंग भोंगळ. तुकडा १६,३८४ नमुन्यांचा घेतला तर पायरी २.७ हर्ट्झवर येते, पण एकेक तुकडा ०.३७ सेकंदाचा होतो आणि झपाट्यानं होणारे बदल पुसट होतात. दोन्ही एकदम मिळत नाही. आम्हाला सुरुवातीचा आणि शेवटचा सूर अचूक हवा होता, तो तसाही संथ असतो, म्हणून लांब तुकडा घेतला.

बांधावरच्या रेकॉर्डिंगमध्ये खालच्या सुराची रेषा ४०३ हर्ट्झवर सुरू झाली आणि ३३७ वर संपली. मधे कुठेही ती वर गेली नाही. ओट्यावरच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच रेषा ४०३ च्या आसपास जवळजवळ सपाट, शेवटच्या क्षणी किंचित खाली वळल्यासारखी, आणि तुटलेली. मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरळच आहे की ही."

आता सूत्र. ध्वनीचा वेग स, गाडीचा वेग व, येतानाची वारंवारता जितकी आणि जातानाची जितकी, त्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेनं भागलं की मिळतं ते व भागिले स. इथं वजाबाकी ६६, बेरीज ७४०, भागाकार ०.०८९२. तापमान ३० अंश असताना ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४९.५ मीटर. म्हणून गाडीचा वेग ३१.२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ११२ किलोमीटर. आणि हे करताना भोंग्याचा मूळ सूर किती होता, हे माहीत असण्याची गरजच पडली नाही. पाठ्यपुस्तकातल्या गणितात मूळ वारंवारता आयती दिलेली असते, त्यामुळे ती लागतेच असा मुलांचा समज होतो.

मूळ सूरही याच दोन आकड्यांतून निघतो. दोन्हींचा गुणाकार दुप्पट करायचा आणि बेरजेनं भागायचं: ३६७ हर्ट्झ. साधी सरासरी काढली तर ३७० येते. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ३७० लिहिलं. फरक तीनच हर्ट्झचा, म्हणून त्या दिवशी सोडून दिला. पुढे तोच कामाला आला.

साडेआठ सेंटिमीटर

हे होतं कसं, ते याच आकड्यांवर बघू. सूत्र पाठ करण्यापेक्षा मला ही वाट बरी वाटते.

भोंग्याचा पडदा सेकंदाला ३६७ वेळा थरथरतो. प्रत्येक थरथरीला हवेत एक दाब सुटतो आणि सेकंदाला ३४९.५ मीटर वेगानं चहूकडे पसरतो. गाडी उभी असती तर एका दाबापासून पुढचा दाब ९५ सेंटिमीटरवर असता. पण दोन थरथरींच्या मधे, म्हणजे सेकंदाच्या ३६७ व्या भागात, गाडी साडेआठ सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. त्यामुळे पुढच्या बाजूला पुढचा दाब साडेआठ सेंटिमीटर जवळून सुटतो; अंतर उरतं ८७. मागच्या बाजूला तेच अंतर वाढून १०४ होतं. हवेतला वेग सगळीकडे तोच, तो गाडीच्या वेगानं वाढत नाही. पुढे दाब दाट, म्हणून कानावर सेकंदाला जास्त आदळतात; मागे विरळ, म्हणून कमी.

एवढं पटलं की वादाचा निकाल आपोआप लागतो. गाडी ११२ नं सरळ आपल्याकडे येत असेल तर प्रत्येक थरथरीला ती साडेआठच सेंटिमीटर सरकते, मग ती ५०० मीटरवर असो की ५० वर. दाटपणा वाढायला कारणच नाही. सूर सुरुवातीपासून चढलेला असतो आणि तिथंच राहतो.

आपण बरोबर रुळांवर उभे नसतो, बाजूला असतो, तेव्हा तर उलटंच घडतं. गाडी आपल्या दिशेनं जेवढी सरकते तेवढंच मोजायचं, आणि ती जवळ येते तशी तिची चाल आपल्या दिशेपासून वळत जाते. बांधावरून हिशोब केला तर: गाडी ३०० मीटरवर असताना सुटलेला सूर ४०३, १०० मीटरवर असताना सुटलेला ४००, ४० मीटरवरचा ३९२, बरोबर समोरचा ३६७, ४० मीटर पुढे गेल्यावरचा ३४५, शंभरावर ३३९. म्हणजे एकूण उतरणीतला सत्तर टक्के भाग समोरच्या ८० मीटरांत, अडीच सेकंदांत उरकतो. स्पेक्ट्रोग्रामवरची रेषा अशीच वळलेली होती. बांध रुळांपासून पाच मीटरवर असता तर हीच उतरण सेकंदाच्या तिसऱ्या भागात झाली असती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, ४०० मीटरवर, ती इतकी पसरली असती की भोंगा संपेपर्यंत निम्मीशीच ऐकू आली असती.

यात आणखी एक छोटीशी खोच आहे. समोर असताना सुटलेला आवाज ४० मीटर पार करून यायला सेकंदाचा नववा भाग घेतो, तेवढ्यात गाडी साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून इंजिन नाकासमोर दिसतं त्या क्षणी ऐकू येणारा सूर अजून थोडा चढाच असतो. गाडीच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. ओझरच्या धावपट्टीवरून उडालेलं सुखोई डोक्यावरून गेलं की मात्र सुकेण्याची पोरंसुद्धा विमान शोधायला आवाजाच्या पुढे बघतात. एक किलोमीटर उंचीवरचा आवाज जवळपास तीन सेकंद जुना असतो.

मग जवळ येताना चढल्यासारखं का वाटतं? ३०० मीटरवरून १०० मीटरवर येईपर्यंत सूर एक टक्क्याहूनही कमी उतरतो, पण मोठेपणा नऊ डेसिबलनं वाढतो. कान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवत नाही. १९९६ साली जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबीथ या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत असे आवाज ऐकवले, की वारंवारता उतरत होती आणि मोठेपणा वाढत होता. ऐकणाऱ्यांना सूर चढतोय असं वाटत होतं. त्यांनी या प्रकाराला डॉप्लर भ्रम म्हटलं. तेव्हा सुकेण्याच्या मुलाचा कान बिघडलेला नव्हता, तुमचाआमचा जसा चालतो तसाच चालत होता. (फोनच्या रेकॉर्डिंगवरून मोठेपणा मोजायला जाऊ नका, हेही सांगून ठेवते. फोन स्वतःच आवाज कमीजास्त करून सारखा ठेवायचा प्रयत्न करतो. वारंवारतेला तो हात लावत नाही.)

गंधारावरून षड्जावर

गाणाऱ्या मुलीला मात्र हा भ्रम कसा झाला नाही? तिनं गाडी येताना पहिला सूर गळ्यात धरून ठेवला होता, आणि तानपुऱ्याच्या ॲपवर शेवटचा सूर षड्ज, म्हणजे सा, म्हणून लावला. स्क्रीन बघायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, कोमल गंधारावरून 'सा'वर आली." दोन सूर एकदम वाजत असूनही तिला अडचण आली नाही, कारण दोन्ही सूर सारख्याच प्रमाणात घसरतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही, अख्खी जोडीच खाली येते.

इथून प्रकरणाला मला न सुचलेलं वळण लागलं. कोमल गंधार आणि षड्ज यांच्या वारंवारतांचं गुणोत्तर ६/५. वेगाच्या सूत्रात तेच घातलं तर सहा वजा पाच भागिले सहा अधिक पाच, म्हणजे एक भागिले अकरा. ध्वनीच्या वेगाचा अकरावा भाग: ताशी ११४ किलोमीटर. कॉम्प्युटरनं ११२ सांगितले होते.

मग फळ्यावर बाकीचे स्वर मांडले. उतरण कोमल रिषभाची असेल तर १६/१५, म्हणजे एकतिसावा भाग, ताशी ४१ किलोमीटर. शुद्ध रिषभ, ९/८, सतरावा भाग, ७४ किलोमीटर. शुद्ध गंधार, ५/४, नववा भाग, १४० किलोमीटर. शुद्ध मध्यम ४/३ असल्यानं सातवा भाग, १८०. तो आपल्या मार्गावर ऐकू यायचा नाही. ज्याचा कान तयार आहे त्यानं डोळे मिटून, भोंग्याचा मूळ सूर माहीत नसताना, गाडीचा वेग सांगावा. एक अट आहे: गंधार गाण्यातला हवा. पेटीचा कोमल गंधार समान भागांत वाटलेला असल्यानं जरा उतरा असतो, त्यानं हिशोब केला तर ताशी १०९ येतात. पेटीवर स्वर जुळवणाऱ्यांनी पाच किलोमीटरची खोट धरावी.

हे काही नवं नाही. क्रिस्टियन डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये हा विचार मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांसाठी, आणि रंगांबद्दलचं त्यांचं म्हणणं टिकलं नाही. त्यावर शंका घेणाऱ्यांपैकी एक, युट्रेक्टचे बाइस बॅलट, यांनी १८४५ साली ते आवाजावर तपासायचं ठरवलं. तेव्हा वारंवारता मोजणारं यंत्र कुठलं आणायचं? त्यांनी रेल्वेच्या उघड्या डब्यावर तुतारीवादक बसवले, रुळांच्या कडेला कान तयार असलेले वादक उभे केले आणि सूर किती सरकला ते त्यांना सांगायला लावलं. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न हवामानानं उधळला, जूनमध्ये जमला. ताऱ्यांच्या रंगांबद्दल शंका कायम ठेवून त्यांनी आवाजाबद्दल डॉप्लर बरोबर असल्याचं दाखवून दिलं. पंचवटीच्या मुलीनं केलं ते हेच, फक्त तुतारीऐवजी रेल्वेचा भोंगा.

कानानं उतरण पकडायची तर मूळ सूर एकसारखा हवा. म्हणूनच डॉप्लरच्या धड्यात रुग्णवाहिकेचं उदाहरण देणं मी बंद केलं आहे. तिचा सायरन मुळातच वरखाली होत असतो. त्यात द्वारका सर्कलच्या गर्दीत ती चाळीसनं गेली तरी खूप. कोमल रिषभाएवढी उतरण त्या हेलकाव्यात कोणाला सापडणार? तरी सगळीकडे तिचंच चित्र छापलेलं असतं.

आकड्यांवर कितपत विसंबायचं

वेगाची दुसरी खात्री डब्यांवरून. एलएचबी प्रकारचा डबा साधारण २४ मीटरचा, इंजिन २० मीटरचं. वीस डब्यांची गाडी म्हणजे ५०० मीटर. बांधावरच्या खुणेसमोरून ती जायला १६.४ सेकंद लागले, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. भोंग्यावरून ११२, गळ्यावरून ११४, घड्याळावरून ११०. रेषेची दोन्ही रीडिंग दोन-दोन हर्ट्झनं विरुद्ध बाजूंना चुकली तर वेगात साडेसहा-सात किलोमीटरचा फरक पडतो, त्यामुळे एवढा मेळ पुष्कळ झाला.

तापमान मात्र विसरून चालत नाही, आणि निफाड तालुक्यात तर मुळीच नाही. थंडीत तिथला पारा राज्यात नीचांकी उतरल्याच्या बातम्या येतात, द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवून बाग वाचवतात. आठ अंशाला ध्वनीचा वेग ३३६ मीटर. तीच ४०३ आणि ३३७ ची जोडी थंडीच्या पहाटे मिळाली असती तर गाडी ११२ नं नव्हे, १०८ नं गेली असं निघालं असतं. 'ध्वनीचा वेग ३४० धरा' हे परीक्षेपुरतं ठीक.

वाऱ्याबद्दल तात्यांनी विचारलं. "वारं पडलं की भोंगा वेगळा येतो." वेगळा येतो, पण सुरानं नाही. उभ्या गाडीचा भोंगा उभ्या माणसाला एकसारख्या वाऱ्यात त्याच सुरात ऐकू येतो. मोठा-लहान होतो, लांबवर पोचतो किंवा पोचत नाही. गाडी चालत असेल तर वाऱ्यानं ध्वनीचा वेग थोडा बदलून फरक पडतो, तोही किरकोळ.

कोण चालतंय?

राहिला तो तीन हर्ट्झचा हिशोब. वर्गात कोणीतरी विचारलं, "मॅडम, गाडी उभी असती आणि आपण ११२ नं तिच्याजवळून गेलो असतो, तर?" उत्तर काढून बघितलं. ऐकणारा चालतो तेव्हा हवेतला दाटपणा बदलत नाही, आपणच त्या दाबांना जाऊन भिडतो. येताना ४००, जाताना ३३४. उतरण तीच, कोमल गंधाराची, काडीचाही फरक नाही. म्हणजे नुसत्या उतरणीवरून कोण चालतंय हे कळत नाही.

कळायचं ते मूळ सुरावरून. गाडी चालत असेल तर मूळ सूर सरासरीच्या किंचित खाली असतो, आणि आपण चालत असू तर बरोबर सरासरीवर. तेव्हा मूळ सूर वेगळा मोजायला हवा. डिसेंबरच्या एका रविवारी मुलांनी वाटणी केली. काही जण नाशिकरोडच्या फलाटावर, सुटण्यापूर्वीचा उभ्या इंजिनाचा भोंगा टिपायला; काही जण तात्यांच्या बांधावर, तोच भोंगा वीसेक मिनिटांनी चालत्या गाडीवर टिपायला. इंजिनाचा नंबर फोनवर कळवला, कारण प्रत्येक इंजिनाचा भोंगा थोडा वेगळा बोलतो.

बांधावर ३९८ आणि ३३६. सूत्रानं मूळ सूर ३६४, सरासरी ३६७. फलाटावरचं रीडिंग ३६५. जवळचं कोणतं ते दिसत होतं, पण रेषेच्या पायरीपेक्षा फरक मोठा नव्हता, म्हणून मी तो निकाल मान्य केला नाही. उपाय मुलानं काढला, तोच 'चढतोच' म्हणणारा. भोंग्याच्या रेषेवर तिच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची अशा फिकट रेषा असतातच. चौथ्या रेषेवर सगळे फरक चौपट होतात आणि पायरी मात्र २.७ हर्ट्झचीच राहते. "वरची मोजू ना मॅडम."

चौथी रेषा बांधावर १५९१ आणि १३४५ वर होती. गाडी चालत असेल तर मूळ सूर १४५८ यायला हवा, आपण चालत असू तर १४६८. फलाटावरच्या रेकॉर्डिंगमध्ये चौथी रेषा १४५९ वर निघाली. तात्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले की गाडी चालतीये आणि बाग जागेवर आहे हे त्यांनी बांधावर बसूनच सांगितलं असतं. मुलानं मात्र वहीत दोन्ही आकडे लिहून १४६८ वर काट मारली होती.